भाऊंचं लायटिन

घरात नवी वस्तू आली की लोक आधी किंमत विचारतात. भाऊ ती हातात घेतात, उलटी करतात, कानाशी नेऊन हलवतात आणि विचारतात, “आतून पोकळ हाये का?” पोकळ निघाली तर ती वस्तू आपली राहिली नाही असं खुशाल समजावं. आर्वी नाक्याकडच्या आमच्या आळीत शाडूचा मोर, प्लास्टिकचा रणगाडा, एका माजी सरपंचांना सत्कारात मिळालेलं स्मृतिचिन्ह आणि पोस्टाच्या पेटीच्या आकाराची एक गुल्लक, अशा सगळ्या पोकळ वस्तूंना आजवर लाइट लागलेले आहेत. गुल्लकवाल्या पोट्ट्याने तक्रार केली की आता पैसे टाकायला जागाच नाही. “पैसे बँकेत टाक ना बे,” भाऊ म्हणाले.

भाऊ धंद्याने कूलरवाले. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि मार्च ते मृग या काळात भाऊंना कलेक्टरपेक्षा जास्त फोन येतात. मोटर जळाली, पंप बसला, वुडवूल सडलं. या दिवसांत भाऊ कुणाचे नसतात. मग पाऊस पडतो, कूलर माळ्यावर जातात आणि भाऊ अंतराळात. दिवाळीपर्यंत त्यांच्या दुकानाच्या अर्ध्या टेबलावर पंख्याची कॉइल आणि उरलेल्या अर्ध्यावर अवकाशयानांची मॉडेलं असतात.

इथे एक भेद सांगितला पाहिजे. मॉडेल करणारा माणूस वेगळा आणि मॉडेलमध्ये लाइट टाकणारा वेगळा. पहिला पृष्ठभागावर जीव लावतो. सांधा घासतो, रंगाचे पातळ थर चढवतो, शेवटी काचेआड ठेवून लांबून बघतो. दुसरा त्याच पृष्ठभागाला भोकं पाडतो. पहिल्याचं काम संपतं. दुसऱ्याचं संपत नाही, कारण जिथे तार आहे तिथे लूज कनेक्शन आहे. या दोन जातींचं आपसात पटत नाही, आणि माझं मत विचाराल तर पटूही नये.

भाऊंचं पहिलं मोठं यान हैदराबादला आयटीत असलेल्या भाच्याने पाठवलं. ‘स्टार ट्रेक’ नावाची अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली, तिच्यातलं ‘एंटरप्राइज’. किट हजारास एक या मापाचं. म्हणजे कागदावरचं २८९ मीटर लांबीचं यान डब्यात जेमतेम २९ सेंटीमीटर. मालिकेचा एकही भाग भाऊंनी पाहिलेला नाही, पुढेही पाहायचा विचार नाही. त्यांनी भाच्याला फोन लावून एकच प्रश्न विचारला.

“याच्यात माणसं राह्यते किती?”

“चारशे तीस, मामा.”

“चारशे तीस माणसं अन् एका बी खिडकीत उजेड नाही? लोडशेडिंग हाये का तिथं?”

त्या दिवसापासून ते यान भाऊंसाठी खेळणं राहिलं नाही. वसाहत झाली. चारशे तीस लोक अंधारात बसलेत आणि आपण जेवतोय, हे त्यांना बघवेना.

पण हजारास एक या मापात खिडकी केवढी? साधा तीन मिलिमीटरचा एलईडी थेट बसवला तर यानाच्या हिशेबात ती तीन मीटरची खिडकी झाली. “खिडकी हाये का गोडाऊनचं शटर?” असं स्वतःशीच म्हणून भाऊंनी तो बाजूला सारला. उपाय फायबरचा. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पारदर्शक धागा घ्यायचा. उजेड एका टोकाने शिरतो, आतल्या भिंतींवर आपटत आपटत जातो आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. एक एलईडी आणि त्याच्या तोंडाशी धाग्यांची जुडी बांधली की खिडक्यांची अख्खी रांग उजळते. धागे आणायला नागपूरच्या सीताबर्डीला जायची गरज पडली नाही. वहिनींच्या शोकेसमध्ये जत्रेतून आणलेला फायबरचा दिवा होता. रंगीत पाण्याचा फवारा उडाल्यासारखा दिसायचा. एका दुपारी वहिनी हळदीकुंकवाला गेल्या आणि आल्या तेव्हा त्या फवाऱ्याचं टक्कल झालेलं होतं.

“माह्या माहेरचा होता तो,” वहिनी म्हणाल्या.

“आता चारशे तीस लोकायच्या कामी आला,” भाऊ म्हणाले.

भोक पाडायचं काम पाहण्यासारखं असतं. हातातल्या पेनाएवढ्या चिमुकल्या ड्रिलमध्ये केसासारखी बारीक पिन. भाऊ श्वास रोखून ती बोटांनी फिरवतात. प्लास्टिकचा भुगा नखाएवढा निघतो, तो फुंकर मारून उडवतात आणि पुढच्या खिडकीवर जातात. धागा आतून ओवून बाहेर थोडा ठेवायचा आणि मग त्याच्या टोकाजवळ पेटती अगरबत्ती न्यायची, टेकवायची नाही. ऊब लागताच टोक फुगतं आणि त्याचं टाचणीच्या डोक्याएवढं भिंग होतं. उजेड मग समोरून बघा की बाजूने, सारखा दिसतो. भाऊंच्या घरी महिन्याला अगरबत्तीचा पुडा संपतो आणि देवापर्यंत त्यातली एकही पोचत नाही, हे वहिनींनी मला दोनदा ऐकवलं आहे.

पहिल्यांदा लाइट लावला तेव्हा खिडक्या राहिल्या बाजूलाच, सगळं यान अंगभर ताप आल्यासारखं लालसर पिवळं दिसायला लागलं. प्लास्टिक पातळ असतं, त्यातून उजेड पाझरतो. या धंद्यातले जाणकार आतून आधी काळा रंग देतात, म्हणजे उजेड बाहेर फुटत नाही, आणि त्यावर पांढरा किंवा चंदेरी, म्हणजे आतल्या आत तो वाया जात नाही. भाऊंना रंग वाळेपर्यंत थांबायचं नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघरातला पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद आतून चिकटवला. ॲल्युमिनियममधून वीज वाहते हे आयटीआय शिकलेल्या माणसाला मी सांगायची गरज नव्हती. ते त्या कागदानेच सांगितलं. चट् असा आवाज, जळका वास आणि एंटरप्राइजच्या पोटातून धूर.

“इंजिन तं सुरू झालं,” भाऊ म्हणाले.

रेझिस्टरचा हिशेब मात्र भाऊंचा पक्का. राउटरचा अडॅप्टर १२ व्होल्टचा. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट खातो, उरले ९. करंट २० मिलिॲम्पियर, तेव्हा ९ ला ०.०२ ने भागा, आले ४५०. बाजारात त्याच्या जवळचा मिळतो ४७०. त्यावरचे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी. हे भाऊ परवच्यासारखं म्हणतात. तीन एलईडी एका माळेत लावले तर १५० पुरतो, हे त्यांच्या धाकट्या नातवालाही पाठ आहे. त्याला अजून दोन अंकी भागाकार येत नाही ही गोष्ट वेगळी.

रंगांबद्दल भाऊंची मतं ठाम आहेत. त्यांच्या शिकण्याच्या काळात एलईडी लाल, हिरवा आणि पिवळा. झगझगीत निळा १९९० च्या दशकात जपानी संशोधकांनी आणला, त्यातूनच पुढे पांढरा झाला आणि २०१४ साली तिघांना नोबेल मिळालं. तेव्हापासून लग्नाचा मांडव असो की मोटारसायकलची नंबरप्लेट, सगळं निळं. भाऊंना हे सहन होत नाही. “नोबेल देल्लं थे ठीक केलं, पण लोकायले वापराचं बी शिकवाले पाह्यजे होतं.” त्यांच्या मते घरात राहणारा माणूस वॉर्म व्हाइट लावतो आणि दुकानदार कूल व्हाइट. यानात माणसं राहतात, धंदा करत नाहीत, म्हणून वॉर्म व्हाइट. वरच्या मजल्यावरची एक खिडकी त्यांनी मुद्दाम अंधारी ठेवली आहे. का, म्हणून विचारलं.

“नाइट ड्युटीवाला झोपला हाये, सर.”

यानाच्या दोन्ही नळकांड्यांच्या तोंडाशी लाल घुमट असतात, आत काहीतरी गरगर फिरताना दिसतं. मालिकेत त्याला भारदस्त नाव आहे, अवकाशातला हायड्रोजन गोळा करण्याचं काम आहे. भाऊंनी एक नजर टाकून निकाल दिला: एक्झॉस्ट. खेळण्यातल्या मोटारी बसवल्या, पाती कापली, आणि यान चालू केलं की आता कूलरसारखा आवाज येतो. मी म्हटलं, भाऊ, अंतराळात हवाच नाही, पंखा काय फिरवणार?

“म्हणून तं इतला फास फिरून राह्यला. काही लागतच नाही न त्याले.”

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने यात चूक काढता येत नाही, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

भाच्याने एकदा मूळ यानाची हकीकत सांगितली आणि भाऊंची छाती फुगली. मालिकेच्या चित्रीकरणासाठी १९६४ साली ११ फुटी मॉडेल बनवलं होतं. आधी त्यात लाइट नव्हते, नंतर टाकले. तारा बाहेर काढायला जागा हवी म्हणून त्या डाव्या बाजूने काढल्या आणि ती बाजू नीट पुरी केलीच नाही. कॅमेरा उजवीकडूनच फिरायचा. आज ते मॉडेल वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. भाऊंचं यानही भिंतीला पाठ लावून असतं, आणि मागच्या तारा बघायला ते कुणाला जाऊ देत नाहीत. “तिकडले मिस्त्री बी आपल्यासारखेच,” एवढंच ते म्हणाले, पण पुढचे दोन दिवस चहाचे पैसे त्यांनी दिले.

वर्ध्याला उजेडाचं हे वेड नवं आहे असं मात्र कुणी समजू नये. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत येऊन बसले आणि तिथे घाणी, कागद, मधमाश्यांबरोबर एक कंदीलही तयार झाला. त्याचं नाव मगनदीप. रॉकेल विकत घ्यायला लागू नये म्हणून तो वनस्पती तेलावर जळायचा. गावातला माणूस गावातल्या तेलावर उजेड करील, हा त्यामागचा विचार. भाऊंना मी ही गोष्ट मोठ्या उमेदीने सांगितली. त्यांच्या कामाला परंपरा मिळेल असं वाटलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“पोकळ होता का?”

भाऊंची खरी परीक्षा झाली २०२३ साली. तान्हा पोळा म्हणजे आमच्याकडचा पोरांचा पोळा. मोठा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लाकडी चाकांचा नंदी सजवून पोट्टे दारोदार फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. आमच्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर सगळ्या विदर्भात नावाजलेला. त्या वर्षी २३ ऑगस्टच्या संध्याकाळी चांद्रयान-३ मधला विक्रम चंद्रावर उतरला आणि पोळा आला १४ सप्टेंबरला. नंदीच्या पाठीवर चांद्रयान पाहिजे, असा शेजारच्या सहावीतल्या पोट्ट्याने हट्ट धरला. भाऊ याच क्षणाची वाट पाहत होते.

खोक्याचा पुठ्ठा, चार पाय, सोनेरी कागद. विक्रम हुबेहूब झाला. मग भाऊंनी ड्रिल काढलं आणि त्याला खिडक्या पाडल्या.

“भाऊ, यात माणसं नव्हती,” पोट्टं म्हणालं.

“मंग कोण चालवत होतं?”

“कॉम्प्युटर.”

“त्याले दिसाले नाही पाह्यजे का?”

पोट्ट्याकडे आणखी एक मुद्दा होता, आणि तो बिनतोड होता. चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा असतो, सौर पॅनेलवर चालणारं यान रात्री काय करणार? प्रज्ञान रोव्हरला २ सप्टेंबरला आणि विक्रमला ४ सप्टेंबरला इस्रोने झोपवलं. म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, १५ सप्टेंबरला, खरा विक्रम अंधारात गारठून पडलेला असणार. भाऊ क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी नंदीच्या पोटाखाली यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी बांधली. “तिकडला झोपू दे. इकडला जागा पाह्यजे.”

ती बॅटरी दोन किलोच्या वर. नंदी मूळचा ओढायला हलका. आता चढावर तोच पोट्ट्याला मागे ओढू लागला. शिंगांत लाल आणि हिरवा दिवा लुकलुकत होता, लाल डावीकडे आणि हिरवा उजवीकडे. विमानाला असाच नियम असतो आणि नियम म्हणजे नियम. गल्लीच्या तोंडाशी नालीवरच्या फरशीला चाक आपटलं आणि चांद्रयान विझलं. भाऊ सबंध वाटेवर मागेमागे चालतच होते. पुढे होऊन त्यांनी विक्रमच्या डाव्या पायावर एक चापट मारली. लागलं. पुढच्या फरशीला पुन्हा गेलं, पुन्हा चापट. एका आजीबाईंनी बोजारा देताना विचारलं, “मारता काऊन बाप्पा त्याले, देव हाये न थो?”

बक्षीस शेजारच्या मोहल्ल्यातल्या एका सागवानी नंदीला गेलं. पणजोबांच्या वेळचा, तेलाने काळाभोर झालेला, अंगावर फक्त एक झूल. लाइट नाही, तार नाही, काही नाही. भाऊंना वाईट वाटलं असेल म्हणून मी समजूत घालायला गेलो.

“वाईट कायचं?” भाऊ म्हणाले. “संध्याकाळ झाली होती, सर. त्याच्या बाजूले आपला नंदी उभा होता. आपल्या लायटिननं तं थो दिसला परीक्षकायले.”

सध्या भाऊंकडे एक नवं यान आहे, आणि १२ व्होल्टचे अडॅप्टर कमी पडताहेत. वाचकांपैकी कुणाकडे बंद पडलेल्या राउटरचा अडॅप्टर पडून असेल तर भंगारात देऊ नका, आर्वी नाक्याकडे कुणालाही ‘कूलरवाले भाऊ’ विचारा. पावसाळ्यात या, उन्हाळ्यात ते भेटायचे नाहीत. आणि येताना सोबत थर्मास आणू नका.