कॉफीपंत

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर कॉफीपंत राहतात. बँकेतून निवृत्त होईपर्यंत त्यांना चहा चालत असे. मग मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि पहिल्याच दिवाळीला पितळी फिल्टर आणि चिकमंगळूरच्या बियांचा पाव किलोचा पुडा घेऊन आला. त्या दिवसापासून एक चांगला शेजारी आम्हाला अंतरला.

मेंटेनन्सची पावती द्यायला गेलात तरी सुटका नाही. आपण भिडेखातर म्हणतो, "नको हो, उगाच कशाला कॉफी टाकताय?"

"कॉफी टाकायची नसते, उतरवायची असते!" पंत दुरुस्ती करतात आणि आपल्याला बसवतात.

डिकॉक्शन उतरायला वीस मिनिटं लागतात. बाबा बुदन यांची गोष्टही बरोबर वीस मिनिटांची आहे. सतराव्या शतकात बाबा हजहून परतताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया दडवून घेऊन आले आणि चिकमंगळूरच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या, अशी आख्यायिका. पंत ती अशी सांगतात, की त्या वेळी बाबांची पिशवी धरायला हे शेजारी उभे असावेत. फिल्टर रेंगाळलाच, तर "आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, माहितेय?" हा प्रश्न राखीव असतो. माहीत असलं तरी 'नाही' म्हणावं. 'हो' म्हणणाऱ्याला चिकोरीचं प्रमाण ऐकावं लागतं.

पण पंतांची खरी प्रतिभा दिसते ती साठवणीत. हवा, उजेड, उष्णता आणि ओल हे कॉफीचे चार शत्रू. त्यांच्याविरुद्ध पंतांनी जो बंदोबस्त केला आहे, तसा त्यांच्या बँकेच्या लॉकरलाही नव्हता. पुड्याच्या तोंडाला कपड्यांचा चिमटा, पुडा स्टीलच्या डब्यात, डबा मोठ्या डब्यात आणि मोठा डबा तूरडाळीच्या मागे. वर चिठ्ठी, तीवर भाजल्याची तारीख आणि खाली पंतांची सही.

चुका झाल्या, नाही असं नाही. ताज्या भाजलेल्या बिया कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. तो बाहेर पडावा, पण हवा आत शिरू नये, म्हणून पुड्याला छोटी झडप असते. पंतांना ते भोक वाटलं. त्यांनी त्यावर सेलोटेप लावला. सकाळी पुडा पुरीसारखा टम्म फुगला होता. पुढे कोणीतरी फ्रीजरचा सल्ला दिला. मटार आणि खवलेला नारळ यांच्या मधोमध बियांची सोय झाली. पंत रोज दोन चमचे काढत आणि उरलेल्या परत ठेवत. गार बियांवर बाहेरची वाफ धरायची, बिया दमट व्हायच्या आणि कपाला नारळीभाताचा वास यायचा. "नोट्स आहेत," पंत म्हणाले. "कोकोनट." मग एकदा त्या बिया लसणाच्या चटणीच्या भांड्यात दळल्या गेल्या. त्या दिवशीच्या नोट्सबद्दल ते काही बोलले नाहीत.

आता मुलगा दर महिन्याला ताजा पुडा पाठवतो. तो आला, की पंत डोळे मिटून झडपेशी नाक नेतात, पुडा किंचित दाबतात, "अहाहा!" म्हणतात आणि डब्यात ठेवून देतात. कारण मागचा पुडा अजून संपलेला नसतो आणि जुनं आधी संपवायचं हा घरचा कायदा आहे. आंब्याच्या पेटीतला डागी आंबा रोज आधी खाणाऱ्या कुळातले ते. जुना पुडा संपेस्तोवर नवा जुना होतो. भाजल्यापासून महिन्याभरात संपवायची कॉफी पंतांकडे तिसऱ्या महिन्यात उघडते. ताजी कॉफी पंतांनी आजवर फक्त हुंगली आहे, प्यायलेली नाही.

वहिनींचा मात्र कॉफीचा अभ्यास शून्य. इन्स्टंटचा एक चमचा, दूध, साखर आणि जायफळ. इतकी वर्षं हीच कॉफी. परवा कमिटीची मीटिंग रात्री पंतांकडे झाली. पंतांचा फिल्टर अजून ठिबकत होता, तोवर वहिनींनी आठ कप आणले. मसाल्याच्या डब्यातून अख्खं जायफळ काढून त्यांनी ते किसणीवर प्रत्येक कपापुरतं चार वेळा घासलं. वास सगळ्या हॉलभर पसरला.

मी विचारलं, "वहिनी, जायफळाची पूड करून का नाही ठेवत?"

"वास उडतो की हो!" वहिनी म्हणाल्या. "अख्खं ठेवायचं, लागेल तेवढंच आयत्या वेळी किसायचं. त्यात काय साठवायचं?"

बाबा बुदन सोडून इतके दिवस पंतांनी आम्हाला जे शिकवलं, ते सगळं या तीन वाक्यांत होतं. पंतही गप्प होते. तोंडाला वहिनींचा कप लावलेला होता, तोही दुसरा.

तेव्हा वाचकहो, घरात ताज्या कॉफीचा पुडा आला असेल तर आजच फोडा. मुरवायला लोणचं आहे.