एवढं कोपऱ्यात टाका

कुणी परदेशी निघालं की ती बातमी सख्ख्या बहिणीच्या आधी नानांना कळते. कशी कळते, ते विचारू नये. प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. आमचे तिसऱ्या मजल्यावर राहतात. मुलगा न्यू जर्सीत एडिसनला, मुलगी दुबईत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून नाना पूर्ण वेळ एकच काम करतात, ते म्हणजे दुसऱ्याच्या बॅगेतून आपलं सामान पाठवणं.

पहिल्या भेटीला ते रिकाम्या हाताने येतात. ही त्यांची रीत आहे. "कुठलं विमान? थेट का? बरं झालं, मधे बदलायचं असलं की बॅगा आपटतात." माणूस किती काळजीचा, असं आपल्याला वाटतं. काळजी असतेच, फक्त ती बॅगांची. मग चहाचा कप खाली ठेवता ठेवता सहज चौकशी होते, "माणशी दोन बॅगा ना? तेवीस-तेवीस किलो?" आपण हो म्हणतो. नाना छताकडे बघत मनातल्या मनात गुणाकार करतात. "तुम्हा दोघांना लागणार तरी काय म्हणा एवढं! तिकडे सगळं मिळतं."

तिकडे सगळं मिळतं हे वाक्य फक्त आपल्या सामानाला लागू असतं.

दुसऱ्या भेटीला पुडी येते. सामान नेण्याला नानांपाशी जितकी क्रियापदं आहेत तितकी शब्दकोशातही नसतील, आणि त्यांतल्या एकालाही वजन नाही. वस्तू कोपऱ्यात टाकायची असते, कपड्यांच्या मधे सरकवायची असते, बुटात खोचायची असते, नाहीतर नुसती 'बरोबर असू द्यायची' असते. उचलणं, वाहणं, ओढणं हे बाकीच्यांनी बघायचं. नामांचीही तीच गत. तुम्हीआम्ही ज्याला बोचकं म्हणू, ती त्यांची पुरचुंडी. भरलेली थैली म्हणजे पुडी. एकदा 'चिमूटभर भाजणी' म्हणून त्यांनी जे दारात ठेवलं, ते आत न्यायला आमच्या चिरंजीवांना दोन्ही हात लावावे लागले. किलो हा शब्द नाना बोलतात तो विमान कंपनीच्या मर्यादेपुरता. स्वतःच्या मालाला 'काही नाही हो' हेच त्यांचं माप.

ही विद्या त्यांना वारशाने मिळालेली आहे. कोकण रेल्वे पुरी झाली १९९८ साली. त्याआधी मुंबईचा चाकरमानी गावाहून परतताना एसटीच्या टपावर जे काय चढवायचा, त्यातलं निम्मंअधिक परक्याचं असे. अमक्याच्या आईने लालबागला द्यायला दिलेले तांदूळ, तमक्याच्या काकाने परळसाठी दिलेला फणस, वर आमसुलं. त्याआधी बोटीनेही हेच सारं भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. नानांचे वडील गावच्या एसटी थांब्यावर उभे राहून, सुटलेल्या गाडीच्या खिडकीतून अनोळखी माणसाच्या मांडीवर फणस ठेवत आणि चालत्या गाडीबरोबर पळत पत्ता सांगत. नानांनी त्यात एकच सुधारणा केली. ते पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवतात.

नियम त्यांना माहीत नाहीत असं मात्र नाही. उलट एखाद्या वकिलाला पाठ नसतील इतके पाठ आहेत. दुबईला खसखस चालत नाही, सापडली तर थेट तुरुंगाची गोष्ट. म्हणून लेकीच्या अनारशांना खसखशीऐवजी तीळ लागतात, आणि काळा मसाला देताना नाना काकूंना तीन-तीनदा विचारून घेतात. सुकं खोबरं विमानवाले ज्वालाग्राही मालात धरतात, त्यामुळे खोबऱ्याची वाटी कधी नाही. हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरच्या वर पातळ पदार्थ नेता येत नाही आणि तूपही त्यातच मोडतं, हेही त्यांना ठाऊक आहे. म्हणून तूप 'मोठ्या बॅगेत, मधोमध, तुमच्या सुटाच्या आत'. सुटाचं काय, हा प्रश्न नियमात बसत नाही.

एकच जखम अजून भरलेली नाही, ती हापूसची. भारतीय आंब्याला अमेरिकेने दार उघडलं ते २००७ मध्ये, तेही आंब्यावर किरणांचा मारा करूनच पाठवायचा या अटीवर. आणि ते काम सुरू झालं लासलगावला. "कांद्याच्या गावी हापूस न्यायचा आणि त्याला किरणं दाखवायची!" असं म्हणून नाना आजही कपाळाला हात लावतात. बॅगेतून आंबा नेता येत नाही याचं त्यांना जे दुःख आहे, ते पेन्शन अडकली तेव्हाही दिसलं नव्हतं.

विमानतळावर बॅग देताना विचारतात, ही तुम्ही स्वतः भरलीत का, कुणी काही न्यायला दिलंय का? एरवी रिक्षाचा एक रुपया परत करणारी आपली माणसं या प्रश्नाला डोळ्याची पापणी न हलवता 'स्वतः' आणि 'नाही' अशी उत्तरं देतात. त्या वेळी बॅगेत नानांचा पितळी सोऱ्या असतो. आणि तो सोऱ्या हातातल्या बॅगेत ठेवला असेल, तर क्ष-किरणांच्या पडद्यावर ती जाड नळी आणि शेजारी भोकाभोकांच्या चकत्या बघून समोरच्या जवानाचा चेहरा कसा होतो, ते ज्याने पाहिलं त्यालाच ठाऊक. चकली कशी पाडतात हे हिंदीतून, हातवारे करून, मागे रांग खोळंबलेली असताना सांगावं लागतं.

एडिसनच्या ओक ट्री रोडवर पोह्यांपासून कुळथाच्या पिठापर्यंत सारं मिळतं. नानांचा मुलगा दर शनिवारी तिथेच वाणसामान भरतो. आपण पुडी पोचवायला गेलो की तो बिचारा ओशाळून ती घेतो आणि आपल्यापुढे बाकरवडी ठेवतो. पुडीतही बाकरवडीच निघते, त्याच छापाची, फक्त चुरा झालेली. हे आपण परतल्यावर नानांच्या कानावर घालावं, तर ते म्हणतात, "असेल. पण तिथली तिथली असते." आणि लगेच पुढचा प्रश्न. "येताना तुमच्या बॅगा रिकाम्याच होत्या ना? मग त्याने काही दिलं नाही बरोबर?" त्याने दिलेलं असतं. गुडघ्यांच्या गोळ्यांच्या बरण्या, चॉकलेटं, काकूंना चालायचे बूट, आणि 'नानांना उपयोगी पडेल' म्हणून बॅगेचं वजन करायचा हुकाचा काटा.

तो काटा नाना भिंतीला टांगून ठेवतात. त्याला त्यांनी अजून काही लटकवलेलं कुणी पाहिलेलं नाही.

यंदा सुनेचं बाळंतपण म्हणून नाना आणि काकू स्वतःच निघाले. सोसायटीत आनंदीआनंद झाला. दोघांच्या मिळून चार बॅगा. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा, दुपटी, सगळं आपलं आपण नेतील, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. निघायच्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमाराला बेल वाजली. दारात नाना, रिकाम्या हाताने.

"कधी निघताय?" मी विचारलं.

"आम्ही मंगळवारी. ते असू दे." नाना सोफ्याच्या कडेला टेकले. "तुझी मेहुणी शुक्रवारी जातेय म्हणे बोस्टनला? तिला न्यू जर्सी काही लांब नाही. आमच्या चारही बॅगा भरल्या रे, आणि काकूंचं लोखंडी तव्यावाचून अडतं. तिला म्हणावं, एवढा कोपऱ्यात टाक."