साताचा की सहाचा?

ऐंशीच्या दशकात ज्यांनी स्कूटर चालवली, त्यांना वेगळं सांगायला नको. रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडली आणि तिसरी किकही वाया गेली, की मागून आवाज यायचाच, "प्लग बघा हो!" बोलणारा पोस्टमन असे, पेन्शनर असे, शेंगदाणेवाला असे. त्याच्या स्वतःच्या नावावर सायकलसुद्धा नसे. पण दुसऱ्याच्या प्लगवर मत द्यायला लायसन लागत नव्हतं. गंमत म्हणजे दहातल्या सात वेळा त्याचंच खरं निघे.

आमच्याकडे वडिलांची १९८७ ची चेतक आहे. बुकिंग माझ्या मुंजीच्या सुमारास झालं आणि गाडी दारात आली तेव्हा मी कॉलेजात होतो. एवढी वाट पाहून आलेल्या वस्तूला माणूस वस्तू म्हणत नाही. वडील तिला 'ती' म्हणत, आणि आई 'ती' म्हणाली की संदर्भावरून ओळखावं लागे, आत्या की स्कूटर.

वडिलांचा रविवार सकाळचा कार्यक्रम ठरलेला. उजवीकडचं कव्हर काढायचं, प्लगची टोपी ओढायची, पान्याने प्लग सोडवायचा. मग जुन्या 'सकाळ'वर मांडी घालून बसायचं. दाढीच्या वापरून झालेल्या ब्लेडने काजळी खरवडायची, पॉलिश पेपरने टोक घासायचं, पेट्रोलच्या बोळ्याने पुसायचं आणि जोरात फुंकर मारायची. गॅप मोजायला हॅक्सॉचं पातं. ते दोन टोकांच्या फटीतून जेमतेम अडखळत गेलं, की गॅप बरोबर. फीलर गेज नावाची वस्तू मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कळलं, की ते पातं साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचं असतं आणि गाडीला हवी असलेली गॅपही तेवढीच. शेवटी प्लग टोपीत खोचून इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि मला किक मारायला सांगायचं. निळी ठिणगी दिसली की वडिलांचा चेहरा खुलायचा. पिवळट दिसली, की "अजून नाही". एकदा टोपी हातात धरून मीच ठिणगीचा अनुभव घेतला. त्यानंतर विजेच्या धड्यात मला कधी कमी मार्क पडले नाहीत.

गाडी आली त्याच वर्षी दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं होतं. वडील खाली गाडी सुरू करत आणि वर शेजाऱ्यांच्या पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडे. ठिणगी म्हणजे एक चिमुकलं रेडिओ केंद्रच. ती हजारो व्होल्टच्या दाबाने उडते आणि आसपासच्या हवेत गोंगाट करते. हा गोंगाट दाबायला प्लगच्या पोटात रोधक घालतात. अशा प्लगच्या नावात 'आर' हे अक्षर येतं. आमच्या प्लगला 'आर' नव्हता. शेजारीण मात्र अजून ऐकवते, की तुमच्यामुळे आमचं सीताहरण बघायचं राहिलं.

वडील गेल्यावर गाडी माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर एक वही. त्यात पेट्रोल, हवा, सर्व्हिसिंग, सगळ्याच्या नोंदी. एका पानावर लाल शाईत: 'प्लग – मायको २२५. गॅप ०.६.' गेल्या एप्रिलात गाडी रुसायला लागली तेव्हा मी ती वही काखेत मारून नाना पेठेतलं स्पेअर पार्टचं दुकान गाठलं.

मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, बंगळूरची, १९५१ साली निघालेली, बॉशचीच शाखा. २००८ साली तिचं नाव अधिकृतपणे बॉश झालं. ही बातमी नाना पेठेतल्या काउंटरपर्यंत अजून पुरती पोचलेली नाही. तिथे प्लग मायकोचाच असतो. दुकानदाराने वही पाहिली आणि हसला.

"काका, दोनशे पंचवीस आता नाही. त्याला आता पाच म्हणतात."

"दोनशे पंचवीसचा पाच झाला?"

"नंबर बदलले. आणि ह्या जपानी कंपनीचा घेतलात तर तोच सात."

इथून माझी मती गुंग झाली ती झालीच. प्लगवरचा आकडा त्याचं उष्णतामान सांगतो, इथवर ठीक. पण बॉशच्या जुन्या पद्धतीत आकडा मोठा तर प्लग थंड. त्याच कंपनीच्या नव्या पद्धतीत आकडा लहान तर प्लग थंड. जपान्यांच्या एनजीकेमध्ये आकडा मोठा तर थंड. चॅम्पियन म्हणतं, मोठा तर गरम. म्हणजे २२५, ५, ७ आणि चॅम्पियनचा ८२ हे चौघे जवळपास एकाच प्रकृतीचे. जगात लिटर सगळीकडे लिटर आहे, किलो सगळीकडे किलो आहे. प्लगच्या बाबतीत मात्र दर घरी वेगळी तिथी.

आणि थंड-गरमचा अर्थही वाटतो तो नाही. गरम प्लगची ठिणगी जास्त तापट नसते. फरक आतल्या पांढऱ्या चिनी मातीच्या नाकाचा. नाक लांब असलं, तर टोकाची उष्णता इंजिनाच्या धातूपर्यंत पोचायला लांबचा रस्ता, म्हणून टोक गरम राहतं. नाक आखूड असलं, तर उष्णता चटकन निघून जाते. गरम प्लग म्हणजे कपातला चहा, थंड प्लग म्हणजे बशीत ओतलेला. दिवसभर फुल थ्रॉटल पळणाऱ्या इंजिनाला बशी हवी, नाहीतर प्लगचं टोक लालबुंद होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवू लागतं. हळूहळू चालणाऱ्याला कप हवा, कारण टोक साधारण साडेचारशे-पाचशे अंश सेल्सियसच्या वर गेलं तरच त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. त्याखाली राहिलं, की काजळी साठते आणि वीज ठिणगी न होता काजळीतूनच घसरून जाते.

हे सगळं मला आज कळतंय. त्या दिवशी मी दुकानात एवढाच विचार केला: एप्रिल महिना आहे, पुणं तापलंय, गाडी जुनी आहे, तेव्हा जास्त थंड तो चांगला. शिवाय साताहून आठ मोठा, हे शाळेपासून मनावर ठसलेलं. त्यात दुकानदाराने काचेखालून इरिडियमचा प्लग काढला. मधलं टोक सुईसारखं बारीक, डबी दागिन्यांच्या पेढीतल्यासारखी. साध्या प्लगच्या पाच-सहा पट किंमत. वडिलांच्या गाडीला आयुष्यात एकदा तरी काहीतरी भारी घालावं, असा सद्‌गदित विचार करून मी आठाचा इरिडियम घेतला. 'आर' आहे का, हे आवर्जून विचारलं. होता. शेजारणीचं ऋण फिटलं.

अठरा दिवस गाडी बरी चालली. एकोणिसाव्या दिवशी मंडईच्या दारात ती जी बसली, ती उठेचना. मागून आवाज आला, "प्लग बघा हो." पोरगा विशीतला होता, पाठीवर खाऊ पोचवणाऱ्यांची पिशवी. ही विद्या नव्या पिढीपर्यंत उतरली आहे हे पाहून त्या घामातही बरं वाटलं.

गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली. त्याने प्लग काढून उन्हात धरला. टोक काळं, ओलं, तेलकट. जुने मिस्त्री प्लग वाचतात, जसे वैद्य जीभ वाचतात. बदामी रंग म्हणजे प्रकृती उत्तम. पांढराफटक म्हणजे आत ताप. सुकी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला काळा म्हणजे तेल.

"रोज किती चालवता?"

"घर ते मंडई. दीड किलोमीटर. परत दीड."

"ऑइल किती टाकता?"

लिटरला वीस मिली टाकायचं असतं हे मला ठाऊक होतं. पण म्हातारं यंत्र, चार थेंब जास्त गेले तर अंगी लागेल, म्हणून मी दर वेळी झाकण थोडं सैल हाताने ओतत होतो. हे सांगितल्यावर मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं ते नातवाला मिठाई चारणाऱ्या आजीकडे डॉक्टर पाहतो तसं.

"काका, ही गाडी तापायच्या आधीच तुम्ही घरी पोचता. तिला थंड प्लग कशाला? इरिडियम असो नाहीतर सोन्याचा असो, तेलात बुडला की सगळे सारखेच. तुमच्या वडिलांना सात बरोबर होता, ते रोज आकुर्डीला जायचे. तुम्हाला सहाचा लागतो."

म्हणजे गाडी तीच, इंजिन तेच, पण माणूस बदलल्यावर प्लगही बदलला. त्याने साधा सहाचा काढला. आखूड आट्यांचा, लांब आट्यांचा चुकून बसवला, तर तो आत शिरून पिस्टनलाच भिडायचा. बोटांनी हलकेच फिरवत टेकेपर्यंत नेला, मग पान्याने फक्त अर्धा फेरा. "इथे जोर लावायचा नाही, हेड अल्युमिनियमचं आहे. आटे गेले की सगळंच गेलं." दुसऱ्या किकेला गाडी सुरू. पैसे विचारले तर म्हणाला, प्लगचे तेवढे द्या. निघताना बजावलं, "कात्रजचा घाट चढायचा असला तर आधी इकडे या. सात लावून देईन. सहावर घाट मारू नका."

आता त्याच नावाची नवी चेतक विजेवर येते. २०२० पासून आमच्याच रस्त्यावर आवाज न करता फिरते. तिलाही प्लग लागतो म्हणा, पण तो भिंतीतला. तो काढून, फुंकर मारून रविवार काढता येत नाही.

सहा महिने झाले, सहाचा अजून बदामी आहे. मी दर रविवारी काढून बघतो, गरज नसली तरी. हॅक्सॉचं पातं वडिलांचंच आहे.

तेव्हा एक विनंती. आठ नंबरचा इरिडियम प्लग, १४ मिलिमीटर, आखूड आटे, 'आर'सकट, अठरा दिवस वापरलेला, पेट्रोलने धुऊन दागिन्याच्या डबीत ठेवलेला, फुकट देणे आहे. रोज पुणे-सातारा जुनी टू-स्ट्रोक पळवणारं कुणी असेल तर घेऊन जा. मंडईपर्यंतच जाणार असाल, तर येऊ नका.