पाठपुरावे काका

प्रत्येक सोसायटीत एक पाठपुरावे असतात. वीज गेली की बाकीची मंडळी बाल्कनीत येऊन "तुमच्याकडेही गेली का हो?" असं एकमेकांना विचारत बसतात. पाठपुरावे मात्र वीज कंपनीला फोन लावून, तक्रार क्रमांक उतरवून घेऊन मगच बाल्कनीत येतात आणि टॉर्चच्या उजेडात तो क्रमांक सगळ्यांना वाचून दाखवतात. त्यानं वीज लवकर येत नाही. पण आपल्या अंधाराची कुठंतरी नोंद झाली, एवढा दिलासा मिळतो.

आमचे पाठपुरावे काका कोषागार कार्यालयातून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत त्यांनी प्रामुख्यानं एकच काम केलं, लोकांची बिलं परत पाठवली. प्रवास भत्त्याच्या बिलाला एसटीचं तिकीट जोडलेलं नाही. वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या बिलावर डॉक्टरांची सही आहे पण शिक्का नाही. शिक्का आहे पण तारीख नाही. तारीख आहे, पण त्या दिवशी रविवार होता. बिल काकांच्या टेबलावर आलं की लाल शाईत "खुलासा व्हावा" असा शेरा पडायचा आणि ते आल्या वाटेनं परत जायचं. त्या दोन शब्दांनी जिल्ह्यातले कितीतरी मास्तर हवालदिल झाले, असं जुने लोक सांगतात. काकांना त्याचा पश्चात्ताप नाही. "संशय घेणं हे आमचं कामच होतं," ते म्हणतात, "पण संशय कशाचा आहे, ते आम्ही बिलावर लिहून द्यायचो."

निवृत्तीनंतर मुलानं स्मार्टफोन दिला आणि काका ऑनलाइन खरेदीत उतरले. उतरले ते पूर्ण तयारीनं. पार्सल आलं की डायनिंग टेबल रिकामं होतं, काकू मोबाइल धरतात आणि काका कात्री हातात घेऊन सुरुवात करतात, "आज दिनांक अमुक, वेळ सकाळी अकरा वाजून पाच मिनिटं, खोक्याचं सील शाबूत आहे." हा पंचनामा कॅमेऱ्यात उतरल्याशिवाय त्या घरात चपलांचा जोडसुद्धा उघडला जात नाही. प्रत्येक ऑर्डरची एक फाइल. त्यात बिलाची प्रिंट, पार्सलवरचं लेबल आणि मालावरच्या अनुक्रमांकाचा फोटो. काकू म्हणतात, "लग्नाच्या अल्बममध्ये माझे इतके फोटो नाहीत."

ही कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. कोणत्या कार्डावर किती सूट, कोणता माल परत घेतात, कोणता नुसताच बदलून देतात, हे काकांना तोंडपाठ. त्यामुळे सोसायटीतल्या निम्म्या ज्येष्ठ नागरिकांची खरेदी त्यांच्याच खात्यावरून होऊ लागली. परांजपे आजींचं रक्तदाब मोजायचं यंत्र, सेक्रेटरींच्या घरचे पडदे, तळमजल्यावरच्या आजोबांची काठी, सगळं काकांच्या मोबाइलवरून. सूट ज्याच्या कार्डावर असेल त्याचं कार्ड, आणि बिनसलं तर परत पाठवायला काका. पडदे आखूड निघाले, पाठवा परत. काठी लांब निघाली, पाठवा परत. काका परोपकार करत राहिले.

आणि एक दिवस काकूंच्या मिक्सरचं प्रकरण उभं राहिलं.

मिक्सर साडेतीन हजारांचा. पहिल्याच चटणीला भांड्याच्या बुडातून गळायला लागला. रीतसर पंचनामा झाला, रिटर्नचं बटण दाबलं, पिकअपचा मुलगा आला आणि ओटीपी घेऊन मिक्सर घेऊन गेला. दोन दिवसांत पैसे येतील असं ॲपवर होतं. दोन दिवसांनी त्या जागी वेगळंच वाक्य आलं, "आपला परतावा पडताळणीत आहे. २४ ते ४८ तासांत कळवू." ते तास संपले की तेच वाक्य पुन्हा, ताजं होऊन. शेवटी कस्टमर केअरच्या मुलीच्या तोंडून निसटलं, "सर, आपका अकाउंट फ्रॉड चेक में गया है."

काकांनी फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. काकूंना वाटलं, साडेतीन हजार बुडाले. काका म्हणाले, "पैशाचं सोड गं. मला लबाड म्हणाले."

आता ही पडताळणी काही उगीच नसते, हे काकांनाही मान्य आहे. मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी घालून परत पाठवणारे ग्राहक आहेत, आणि मोबाइल मागवल्यावर साबणाची वडी हाती पडलेले ग्राहकही आहेत. खोक्यावरून दोघांत फरक करता येत नाही. पैठणी मागवायची, मुंजीत मिरवायची, टॅग पदरात खोचून ठेवायचा आणि सोमवारी "रंग फोटोतल्यासारखा नाही" म्हणून परत करायची, असली घरंदाज अफरातफर आमच्याच इमारतीत झालेली आहे. काकांनी तेव्हा त्या घराशी बोलणं टाकलं होतं. म्हणून कंपन्यांची यंत्रणा खात्यावर लक्ष ठेवते. खरेदीच्या मानानं परत किती येतं, एका खात्यावर कार्डं किती, पत्ते किती, परत आलेल्या वस्तूचा अनुक्रमांक पाठवलेल्याशी जुळतो का. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्यानं हे सगळं समजावून सांगितलं आणि वर म्हणाला, "मामा, संशयाचं कारण कंपनी कधीच सांगत नाही. सांगितलं तर चोर तेवढं टाळतील ना."

"अरे, महाराष्ट्र कोषागार नियम, १९६८ हे छापील पुस्तक होतं," मामा कडाडले. "चोरालाही वाचता यायचं. तरी आम्ही चोर पकडायचोच ना!"

पण काकांमधला हिशेबनीस गप्प बसेना. त्यांनी स्वतःच्याच खात्याचं लेखापरीक्षण करायला घेतलं. आखलेल्या वहीत रकाने पाडले: वस्तू, किंमत, कार्ड कोणाचं, पत्ता कोणाचा, ठेवलं की परत. सेक्रेटरींचं कार्ड, आजींच्या मुलाचं कार्ड, भाच्याचं कार्ड. माल इथं, माल मुलीच्या घरी, माल सुनेच्या माहेरी. शेवटच्या रकान्यात 'परत', 'परत', 'परत'. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हे बिल माझ्या टेबलावर आलं असतं, तर मीही परत पाठवलं असतं."

"मग झालं तर!" काकू म्हणाल्या.

"झालं काय? खुलासा मागितला असता ना मी! ह्यांनी मागितलाय?"

तिथून पुढे काका पेटले. चॅटवर त्यांनी सरकारी बाजाचं पत्र टाकलं: "विषय : सदोष मिक्सरच्या परताव्याबाबत. संदर्भ : आपला ई-मेल. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की..." समोरच्या यंत्रानं त्यातला एकच शब्द ओळखला आणि सवलतीतले चार मिक्सर दाखवले. फोन लावला तर दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी मिक्सरची कुळकथा पहिल्यापासून. "तुमच्या वरच्या साहेबांशी बोलू द्या" म्हटलं की, सर, ती टीम फोन घेत नाही. काकांना हेच पचेना. त्यांच्या कार्यालयात आक्षेप घेणारा बाबू निदान समोर खुर्चीत बसलेला असायचा. त्याच्याशी भांडता यायचं, साहेबांकडे त्याची तक्रार करता यायची, फारच झालं तर त्याला चहा पाजता यायचा. इथं संशय घेणाऱ्याला ना टेबल, ना खुर्ची, ना आडनाव.

याच काळात एक फोन आला. "सर, आपका रिफंड अप्रूव्ह हो गया है, बस एक ॲप डाउनलोड कीजिए." दुसरा कोणी असता तर त्या दुपारी त्याचं बँक खातं धुऊन निघालं असतं. काकांना मात्र आनंद झाला, अखेर माणूस भेटला! त्यांनी त्याला नाव, पदनाम, कर्मचारी क्रमांक, कार्यालयाचा पत्ता आणि मंजुरीच्या आदेशाचा जावक क्रमांक विचारला. तो म्हणाला, सिस्टीम में देखता हूँ. काका म्हणाले, बघा, मी धरतो. अर्ध्या तासानं समोरच्यानंच फोन कापला. सायबर चोर दमून पळाल्याचं आमच्या इमारतीत प्रथमच घडलं. काकांनी तो नंबर लगेच १९३० वर कळवला आणि अर्थातच तक्रार क्रमांक घेतला.

मग कायदा आला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० काकांनी छापून आणले, पंचिंग करून, टॅग लावून. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची, निवारण महिन्याच्या आत करायचं, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर ठेवायचा. काकांनी तो अधिकारी वेबसाइटच्या तळातल्या बारीक अक्षरांतून भिंगानं शोधून काढला. तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाले, "रिझर्व्ह बँकेच्या नियमानं उशिराला दिवसाला शंभर रुपये मिळतात ना?" काकांनी त्यांना बसवून समजावलं की २०१९ चं ते परिपत्रक फसलेल्या व्यवहाराचं आहे, पैसे कापले गेले आणि व्यवहार पुराच झाला नाही, त्यासाठी. दुकानदारानं अडवलेल्या परताव्याला ते लागू नाही. ई-कॉमर्सच्या नियमातही 'मान्य झालेला' परतावा वाजवी मुदतीत द्या, एवढंच आहे. "आणि आपला परतावा त्यांनी मान्यच केलेला नाही," काका म्हणाले. शत्रूचा डाव ओळखल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

काकांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. सोबत पंचनाम्याचा व्हिडिओ, अनुक्रमांकाचा फोटो, पिकअपची पावती आणि कोणतं कार्ड कोणाचं याचा खुलासा. कोणी न मागता दिलेला. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्जही तयार ठेवला. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही हे कळल्यावर तर काकांना मिक्सर आणखी महाग घेतला नाही, याचंच वाईट वाटलं.

तक्रार गेल्यावर मात्र चक्रं हलली आणि पैसे आले. बँकेत चौकशी करायला लागणारा संदर्भ क्रमांकही काकांनी कंपनीकडून मागून घेतला. सोबतच्या ई-मेलमध्ये एकच ओळ होती, "पडताळणी पूर्ण. परतावा मंजूर." काकू पेढे आणायला निघाल्या. काकांनी थांबवलं. "मंजूर का केला, ते कुठं लिहिलंय? नामंजूर का होता, ते कुठं लिहिलंय?" त्यांनी लगेच पुढचं पत्र लिहायला घेतलं. दर नोव्हेंबरला बँकेत हयातीचा दाखला देऊन आपण जिवंत असल्याचं निमूटपणे सिद्ध करणारा हा माणूस. आपण प्रामाणिक आहोत, याचा मात्र त्याला लेखी दाखला हवा आहे. कंपनीकडून अजून उत्तर नाही. फाइल बंद झालेली नाही. मिक्सर काकूंनी दरम्यान बाजारातल्या दुकानातून आणला. दुकानदारानं तो समोर चालवून दाखवला.

मला विचाराल तर काकांचं बरोबर आहे. पैसे अडवण्याचा अधिकार ज्याला आहे, त्यानं कारण सांगण्याचे कष्टही घ्यावेत. मिक्सरच्या परताव्यालाही हे लागू आहे आणि मास्तरांच्या प्रवास भत्त्यालाही. तुमच्याही सोसायटीत असे एक पाठपुरावे असतीलच. त्यांचा सल्ला जरूर घ्या, त्यांच्याकडून अर्ज तपासून घ्या, तक्रार क्रमांकाचं महत्त्व शिका. फक्त एक करा, तुमचे पडदे तुमच्याच खात्यावरून आणि तुमच्याच कार्डानं मागवा.