प्रति, तासिका तत्त्व

प्रति,
तासिका तत्त्व,
मुक्काम अकोला, अमरावती आणि महाराष्ट्रातली बहुतेक अनुदानित महाविद्यालयं.

विषय: तू माझं काय काय नेलंस त्याबद्दल.

तासिका तत्त्वा,

'महोदय' लिहिणार नाही. बारा वर्षं तुझ्या हाताखाली काढली आहेत, एकेरीत बोलायचा हक्क मी कमावलाय.

तुझ्या नावात तत्त्व आहे. ते कोणतं, हे मला अजून सापडलेलं नाही. घंटा वाजली की शिक्षक आणि दुसरी घंटा वाजली की परका, यालाच तू तत्त्व म्हणत असशील तर माझे आजोबा तुझ्यापेक्षा बऱ्या तत्त्वाच्या माणसाकडे राबले. मूर्तिजापूर तालुक्यात ते सालदार होते. गुढीपाडव्याला त्यांचं साल ठरायचं. झड लागून आठ दिवस शेतात पाय ठेवता आला नाही तरी त्यांचं साल कापलं जात नसे. खाडा स्वतः केला तरच भरून द्यावा लागे. पोळ्याला त्यांना नवं धोतर मिळायचं. त्यांचा नातू अर्थशास्त्रात एम.ए., नेट, पीएच.डी. झाला आणि तासागणिक पैसे मोजणाऱ्या तुझ्याकडे लागला. पोळ्याच्या दिवशी बैलालाही काम नसतं आणि वैरण मात्र मिळते. माझी त्या दिवसाची तासिका पडते, म्हणजे त्या दिवसाचे पैसे पडतात.

तुझं रजिस्टर आत्ता माझ्यासमोर उघडं आहे. तारीख, वर्ग, वेळ, शिकवलेला घटक, हजर विद्यार्थी, सही. मागच्या नोव्हेंबरच्या पानावर अकरा ओळी भरल्या आहेत. दिवाळी आली, मग परीक्षा लागल्या, एक दिवस कुणा पाहुण्याच्या व्याख्यानासाठी सगळे वर्ग सभागृहात नेले. त्या महिन्यात मी अंतर्गत गुणांच्या याद्या केल्या, विभागाच्या पाच वर्षांच्या फायली नॅकच्या मूल्यांकनासाठी लावल्या, एका पोरीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज तीनदा भरून दिला, कारण तिच्या आधार कार्डावर आणि बँकेत आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं. यातलं काहीच तासिका नाही. तुझ्या पानावर या कामांना ओळच नाही. अकरा ओळींचं बिल विभागप्रमुखांच्या सहीला गेलं, तिथून प्राचार्यांच्या, तिथून पुढे. पैसे फेब्रुवारीत आले.

तू काही सुरुवातीपासून घरमालक नव्हतास. कुणी सर आजारी पडले, कुणी मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, की चार-सहा महिन्यांची अडचण भागवायला तुला बोलवायचे. मग २५ मे २०१७ चा शासन निर्णय आला आणि पदभरती थांबली. माणसं निवृत्त होत राहिली, खुर्च्या रिकाम्या होत गेल्या आणि प्रत्येक रिकाम्या खुर्चीवर तू बसलास. २०१८ च्या नोव्हेंबरात रिक्त जागांपैकी ४० टक्के, म्हणजे सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरायला परवानगी मिळाली. त्यांतल्याही २,०८८ राहून गेल्या. २०२१ मध्ये त्यांनाच पुन्हा परवानगी द्यावी लागली. या सगळ्या काळात ना हरकत प्रमाणपत्र, बिंदुनामावली, कार्यभार निश्चिती या तीन शब्दांभोवती आमची तिशी संपली. माझ्या बरोबरीच्या दोघांनी जाहिरातीची वाट पाहणं सोडलं. एक अमरावतीत जमिनीचे व्यवहार बघतो, दुसरा बडनेऱ्याला स्पर्धा परीक्षेचे क्लास घेतो. दोघेही माझ्याहून हुशार होते.

नियमाच्या कुंपणातून तू कसा निसटलास तेही मला ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचं २०१८ चं नियमन सांगतं की कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नकोत आणि त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी देऊ नये. तू म्हणतोस, मी कंत्राटी नाही, तासिकेवरचा आहे. बरं, मग अतिथी प्राध्यापक धर. त्यांच्यासाठी आयोगाने २०१९ मध्ये एका व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सांगितला. तिथेही तू हात वर केलेस. जिथे पैसे जास्त आहेत तिथे तू तो माणूस नाहीस; जिथे काम जास्त आहे तिथे मात्र तू हजर.

पण हे पत्र पैशासाठी नाही. पैशाचं गाऱ्हाणं तुझ्याबद्दल सगळेच करतात. तू आणखी एक गोष्ट नेलीस, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

२०२२ च्या अखेरीस संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या अधिसभेची निवडणूक झाली. स्टाफ रूममध्ये महिनाभर तीच चर्चा. उमेदवार भेटायला यायचे, पॅनलची पत्रकं टेबलावर पडायची. पहिली पसंती कुणाला, दुसरी कुणाला, यावरून चहा गार व्हायचा. एक उमेदवार हात जोडत प्रत्येकाकडे आले, माझ्याकडेही आले. माझ्या शेजारच्या सरांनी त्यांना हळूच सांगितलं, "हे सीएचबी आहेत." सीएचबी म्हणजे तुझी माणसं, तासिकेवरची. उमेदवाराने जोडलेले हात तसेच पुढच्या टेबलाकडे वळवले. त्यांचा राग नाही मला. त्यांच्या यादीत माझं नाव नव्हतंच.

नसणारच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये शिक्षकाची व्याख्या 'पूर्णवेळ' आणि 'मान्यताप्राप्त' या शब्दांवर उभी आहे. अधिसभेवर महाविद्यालयीन शिक्षक आपले १० प्रतिनिधी निवडून पाठवतात आणि नोंदणीकृत पदवीधरही १०. मी पदवीधर म्हणून नाव नोंदवलं होतं, म्हणून मला मत होतं. बी.ए. झालेल्या मुलाला मत आहे. त्यानंतर त्याने नेट केली, प्रबंध लिहिला, शेकडो पोरांना शिकवलं, त्या कशाचंही मत नाही. मतपत्रिका हातात घेऊन मी काही वेळ तसाच उभा होतो. विद्यापीठाच्या लेखी मी तिथून शिकून बाहेर पडलेला माणूस होतो, तिथे शिकवणारा नव्हे.

महाविद्यालयातही तेच. महाविद्यालय विकास समितीवर तीन शिक्षक असतात, त्यांना पूर्णवेळ शिक्षक आपल्यातून निवडतात. आमच्या विभागात चार मंजूर पदं, भरलेलं एक. म्हणजे विभागातले बहुतेक तास घेणारी माणसं त्या समितीत बसू शकत नाहीत आणि कुणाला बसवायचं हेही सांगू शकत नाहीत. पुस्तकांना किती पैसे, मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती कधी, वेळापत्रक पहाटेच्या एसटीने येणाऱ्यांना सोयीचं की शहरातल्यांना, असे सगळे विषय त्या टेबलावर जातात. वर्गात रोज उभा राहणारा माणूस दाराबाहेर असतो.

अभ्यास मंडळाचं तर विचारूच नको. नवं शैक्षणिक धोरण आलं, अभ्यासक्रम तिथे नव्याने बांधले गेले. माझ्या वर्गात दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडची पोरं बसतात, खारपाणपट्ट्यातली. संख्याशास्त्राच्या घटकाला ती अडखळतात. बुद्धी कमी म्हणून अडखळत नाहीत. बारावीत कला शाखा घेतलेल्यांचं गणित दहावीला सुटलेलं असतं. त्या घटकाला चार तास जास्त हवेत आणि सुरुवात कापसाच्या भावाच्या तक्त्यापासून करायला हवी. क्विंटल, भाव, आवक हे शब्द त्यांना घरातून पाठ आहेत. तक्ता फळ्यावर काढला की मागच्या बाकावरचा पोरगाही सरासरी काढून दाखवतो, मी हे दर वर्षी बघतो. ही एवढी साधी गोष्ट सांगायला माझ्याकडे जागा नाही. मंडळावर जायला मान्यता लागते, माझ्याकडे नऊ महिन्यांचं नेमणूकपत्र आहे.

आणि बोलायचं म्हटलं तरी बोलू कुठल्या बळावर? आपल्याच भागात नुटासारखी प्राध्यापकांची संघटना उभी राहिली. बी. टी. देशमुखांसारखा प्राध्यापक अमरावती पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेत गेला आणि नियम-कायद्याची कलमं हातात घेऊन सरकारशी भांडला. २०१३ मध्ये राज्यातल्या प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, ७१ दिवसांचं वेतन अडकलं, तेही सोसलं. त्यांच्या पायाखाली नोकरीची जमीन होती. मी एक प्रश्न विचारला तर मला कुणी नोटीस देणार नाही, निलंबित करणार नाही. फक्त जूनच्या मुलाखतीत माझं नाव खाली जाईल. तू मला गप्प बस असं कधीच म्हणाला नाहीस. दर वर्षी नव्याने मुलाखत घेतलीस, तेवढं पुरलं.

या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगे बाबा कीर्तनात समोरच्या माणसाला प्रश्न विचारायचे. शेतकरी, मजूर, बाया, पोरं, सगळ्यांना. उत्तर गर्दीतून यायचं, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न उभा राहायचा. समोर बसलेल्याला बोलतं केल्याशिवाय त्यांचं कीर्तन पुढे जात नसे. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांत, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिममध्ये, तू वर्गावर्गात अशी माणसं उभी केलीस की ज्यांना कुणी काही विचारत नाही. या गोष्टीसाठी मी तुला माफ करणार नाही.

मागच्या मार्चमध्ये दुसऱ्या वर्षाच्या एका पोराने व्हरांड्यात गाठलं. म्हणाला, "सर, पुढच्या साली तुमी रायसान का?" त्याला अर्थशास्त्र घेऊन एम.ए. करायचंय आणि मी असलो तरच तो हा विषय ठेवणार होता. मी म्हणालो, "पाहू." वर्गात मी कधी 'पाहू' म्हणत नाही. येत असेल तर सांगतो, येत नसेल तर उद्या वाचून येऊन सांगतो.

तुला माझं सांगणं एवढंच: जा. रिकाम्या खुर्च्या सोड, त्यांच्यावर पूर्ण पगाराची, पूर्ण मताची माणसं बसू दे. पण जाताना आम्हाला केरासारखं लोटून जाऊ नको. बारा वर्षांचा अनुभव अनुभव म्हणून लिहून दे, तासांची बेरीज म्हणून नको. आणि जोवर आहेस तोवर मतदार यादीत, विकास समितीत, अभ्यास मंडळात आमच्यासाठी जागा कर. शिकवण्याचं काम आमच्याकडून घेतोस, तर शिकवण्याबद्दल बोलू दे.

खाली नाव लिहीत नाही. जूनमध्ये मुलाखत आहे, हे तुला माहीतच आहे. पण सहीच्या जागी जो शब्द लिहितोय तो कायद्याची व्याख्या बघून लिहिलेला नाही.

तुझा नव्हे, त्या पोरांचा,
शिक्षक
अकोला