विडी आणि ब्रह्मज्ञान

आयुष्याचं कोडं सुटेना म्हणून सातासमुद्रापलीकडची माणसं गिरगावात खेतवाडीतल्या एका पोटमाळ्यावर येऊन बसायची. विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज १९८१ पर्यंत तिथे उत्तरं देत, तीही मराठीत. पाहुण्यांना दुभाषा लागे. आपल्याला लागला नसता. पण तेवढा वेळ गिरगावकराला कुठला! त्या संवादांचं इंग्रजी पुस्तक १९७३ साली सिद्ध केलं, तेही मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थानं. आपले गहन प्रश्न निराळे: पोराला नोकरी कधी, बिल्डर ताबा कधी देणार, आणि लालबागच्या गणपतीला रांग नवसाची धरावी की मुखदर्शनाची? आत्मा भुकेला असतो, कबूल. पण रात्रभर रांगेत उभं राहायचं तर आधी वडापाव खाऊन घेतलेला बरा.