धरण्याची विद्या

यंत्रशाळेशी ज्यांचा परिचय दुरूनच झालेला आहे, अशा सज्जनांची एक भाबडी समजूत असते की, लेथ बाळगणारा मनुष्य अहोरात्र धातू कापीत असतो. वस्तुतः घराच्या मागल्या पडवीत वाफेचे चिमुकले इंजिन घडवू पाहणाऱ्या माझ्यासारख्या हौशी इसमाचे आयुष्य धातू कापण्यात नव्हे, तर तो धरण्यात खर्ची पडते. कचेरीत साहेबांची सही निमिषार्धात होते, परंतु अर्ज त्यांच्या मेजावर सरळ येऊन पडावा म्हणून कारकून, शिपाई, शेरे आणि शिक्के यांची महिनोन्‌महिने वर्दळ चालते; तोच न्याय येथेही लागू आहे.

थेम्सकाठच्या हेन्ली गावच्या स्टुअर्ट टर्नर कंपनीच्या ‘नंबर दहा’ या उभ्या इंजिनाचेच पाहा. याच्या सिलिंडरचा व्यास पाऊण इंच आणि दट्ट्याची धावही पाऊण इंच! हे एवढेसे भोक बोअर करण्याचे काम घटकाभराचे. परंतु बिडाचे ते ओबडधोबड ओतीव, जिच्यावरून मोजणीला आरंभ करावा अशी एकही सरळ बाजू अंगी नसताना, चार जबड्यांच्या चकात मध्यावर आणावयाचे म्हणजे चार भाऊबंदांत वाटणीचा तंटा मिटविणे होय. प्रत्येक जबडा स्वतंत्र मर्जीचा. एकाला ढिले करून समोरच्याला आवळावे, डायल गेजची सुई शांत झाली म्हणून निःश्वास टाकावा, तोच शेजारचे दोघे आपली दहा थाऊंची, म्हणजे इंचाच्या दहा सहस्रांशांची, तक्रार पुढे करतात. एक तोंड साफ झाल्यावर दुसरे त्याला समांतर करण्यासाठी भोकात घट्ट बसणारा दांडा, म्हणजे मँड्रेल, लागतो, आणि तो आधी आपणच कातून घ्यावा लागतो. १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनात सुरू केलेल्या ‘मॉडेल इंजिनिअर’ नियतकालिकात इंजिनांच्या नकाशांबरोबर ती धरण्याच्या युक्त्याही छापल्या जात, त्या उगाच नव्हेत.

मापाच्या तंट्यांना अंत नसतो, हे लंडनचा थोर यंत्रकार हेन्री मॉडस्ले पुरते ओळखून होता. त्याच्या मेजावरील मायक्रोमीटरला ‘लॉर्ड चॅन्सेलर’ असे नाव पडले होते. त्याच्या निवाड्यावर अपील नसे. माझ्या दरबारात हे पद सिगारेटच्या कागदाकडे आहे. टूल आणि काम यांच्यामध्ये तो धरावा, टूल हळूहळू पुढे आणावे आणि कागद ओढला गेला की अंतर सुमारे एक थाऊ उरले असे समजावे. आमच्या कुळात धूम्रपान निषिद्ध, तरी हे कोरे कागद मी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून नियमाने नेतो. “आप्पासाहेब, तंबाखू कुठली घेता?” असे त्याने एकदा अदबीने विचारले. “तंबाखू लागत नाही, नुसता कागदच पुरतो,” असे मी सांगितल्यापासून, व्यसनाची ही परमावधी त्याने पूर्वी पाहिली नसावी अशा आदराने तो मला नमस्कार करतो.

अखेरीस दाबलेल्या हवेवर इंजिन फिरू लागले. गतिचक्राने वेग घेतला आणि यंत्रराज टकटक करीत जेवणाच्या मेजावरून लोणच्याच्या बरणीकडे निघाले. “अहो, चालतंय ते कळलं, पण आधी ते नीट धरून बसवा कशावर तरी!” असे म्हणून सौभाग्यवतींनी, लेथला कधी हात न लावता, या शास्त्राचे सार एका वाक्यात सांगितले. त्यांच्या आज्ञेवरून मी सागवानाची बैठक करावयास घेतली आहे. भोके पाडावयास वेळ लागणार नाही; तूर्त ती फळी धरावी कशी, याची तजवीज चालू आहे.